झाकणाखालचा धूर

जुनी जीप ओढ्यात मोडली त्या दिवसापासून थोरलीच्या खांद्याला आराम नव्हता.

त्या वर्षी पाऊस जाता जाईना. वरच्या वस्त्यांचा रस्ता तीन ठिकाणी खचला होता आणि ओढ्यावरच्या फरशीच्या पुलाचा निम्मा भाग पाण्यानं ओढून नेला होता. चारही चाकांना ताकद असलेली गाडीच तिथून निघायची. त्यांची जीप तशी होती, पण वयानं पिकलेली. भरलेल्या कॅनांसह फरशीवरून उतरताना तिची चासी मधोमध तुटली आणि गाडी पाण्यातच गुडघे टेकून बसली. दूध ओढ्याला पांढरं करत गेलं. चार दिवसांनी भंगारवाल्यानं तिचे तुकडे करून नेले.

तेव्हापासून थोरली आणि आई वरच्या वस्त्यांवरून दूध चालत आणत होत्या. एका दांड्याला मध्ये कॅन अडकवायचा, पुढं थोरली, मागं आई. उतारावर कॅन पुढं झुकायचा आणि सगळं ओझं थोरलीच्या खांद्यावर यायचं. चढ लागला की आईच्या. ओढ्याच्या पलीकडं संकलन केंद्राचा टेम्पो उभा असे. रोज अशा सहा खेपा. आई साठीला टेकली होती. चौथ्या खेपेनंतर ती बोलायची बंद होई आणि नुसता श्वास ऐकू येई.

थोरलीचे वडील, अण्णा, ओट्यावर बसून त्यांच्या पावलांचा आवाज मोजत. चाळीस वर्षं त्यांनी या रस्त्यावर गाडी हाकली होती. खाली येताना दूध, वर जाताना गुरांच्या खाद्याची पोती. लोक त्यांना नावानं कमी आणि ड्रायव्हर म्हणूनच जास्त ओळखत. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांचे डोळे नेले. मग स्टिअरिंग थोरलीच्या हातात आलं. तिला चौदाव्या वर्षापासून गाडी येत होती, त्यांनीच शिकवली होती. आता ती छत्तीसची होती. लग्नाचा विषय घरात आपोआपच मागं पडला होता, कोणी मुद्दाम काढला नव्हता की मिटवला नव्हता.

डोळे गेले तरी अण्णा रोज शेजारच्या सीटवर बसत. "काय दिसतंय?" हा त्यांचा सततचा प्रश्न. ती सांगायची, डावी कड खचलीय, दगड पडलाय, धुकं आहे. ते म्हणायचे, "दुसरा टाक. इंजिन दमलंय, ऐकू येत नाही का?" आणि खरंच इंजिन दमलेलं असायचं. तिचे डोळे आणि त्यांचे कान मिळून एक ड्रायव्हर होत होता. केंद्रावर कोणी विचारलं, "आज गाडी कोणी आणली?" तर अण्णा म्हणत, "आम्ही."

महिना भरत आला तेव्हा केंद्रावरच्या कारकुनानं रजिस्टरवरून मान वर न करता थोरलीला सांगितलं, "बाई, तुमच्या वडिलांकडं बघून इतके दिवस थांबलोय. पुढच्या एक तारखेला गाडी उभी नसेल तर ही दुधाची लाइन दुसऱ्याला द्यावी लागेल. दूध खांद्यावर आणायचे दिवस गेले."

त्याच्यामागं उभा असलेला माणूस हसला. ओढ्यात भिजलेली तिची सलवार पिंडऱ्यांना चिकटली होती. ती रिकामे कॅन उचलून निघाली.

खालच्या शहरात जुन्या गाड्यांचा एक दलाल होता. त्याच्याकडं फोर-व्हीलच्या दोन जीप असल्याचं कळलं. एक पेट्रोल, एक डिझेल. किंमत जवळजवळ सारखीच. धाकट्या आत्यानं आपल्या हिश्श्याची जमीन विकून आलेले पैसे पुढं केले होते, तेव्हा पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता, कुठली घ्यायची.

"यात विचारायचं काय?" अण्णा जेवता जेवता म्हणाले. "डिझेल. वर जाताना वीस पोती असतात. पेट्रोलवाली त्या वळणावर धापा टाकेल."

"पेट्रोलवाली दोनच मालकांच्या हातातून गेलीय," थोरली म्हणाली. "कुठल्यातरी सर्व्हेच्या साहेबाची होती. थंडीत लगेच चालू होईल. डिझेलला पहाटे अर्धा तास आर्जवं करावी लागतात."

"आणि पिते किती? आठवड्याला दोनदा पंपावर उतरावं लागेल. पंप काय आपल्या दारात आहे?"

"पोती दोन खेपांत नेऊ."

"दोन खेपा म्हणजे पुन्हा दुप्पट पेट्रोल. हिशेब कळतो का तुला?"

आई ताटं उचलत होती. "तुम्हाला गाडी हवीय का आवाज हवाय, ते आधी ठरवा," ती म्हणाली. "त्या जुन्या धुडाचा आवाज बंद झाल्यापासून तुम्हाला झोप नाही, ते मला माहितीय."

अण्णांनी ताटाची कड बोटांनी चाचपली आणि हात धुवायला उठले.

दलालाचं आवार मोठं होतं. पंचवीस-तीस गाड्या ओळीनं उभ्या, काचांवर खडूनं आकडे लिहिलेले. एक माणूस पाइपनं टायर धूत होता. थोरलीनं अण्णांचा हात धरून त्यांना आत आणलं. दलाल तिच्या डोक्यावरून अण्णांशी बोलू लागला. "या काका, या. गाडी कोण चालवणार? मुलगा आहे का?"

"मी चालवते," थोरली म्हणाली.

"अरे वा," दलाल म्हणाला, आणि पुन्हा अण्णांकडं वळला.

अण्णांनी आपली गरज सांगायला सुरुवात केली. रस्ता कसा आहे, वळणं किती, ओढ्यात पाणी कुठवर येतं. बोलत असतानाच दलालाचा फोन वाजला आणि तो पाय न वाजवता ऑफिसकडं निघून गेला. अण्णा बोलतच राहिले. "तर अशा चढावर लो गिअरला गाडी कशी ओढते, ते बघावं लागतं साहेब. तुम्हीच सांगा, ओढेल का?" समोर टायर धुणारा माणूस तेवढा होता. त्यानं तोंडावर हात धरला, पण हसू त्याच्या बोटांमधून बाहेर आलंच. अण्णांनी मान किंचित तिरकी केली. कान देऊन ऐकलं. त्यांच्या गालावरची शीर हलली.

"ते फोनवर गेलेत अण्णा," थोरली म्हणाली.

"माहितीय मला," ते म्हणाले.

आधी पेट्रोलची जीप निघाली. थोरलीनं चावी फिरवली आणि इंजिन इतकं हळू चालू झालं की तिनंच काट्याकडं बघून खात्री केली. रस्त्यावर गाडी लोण्यासारखी पळाली. क्लच हलका, ब्रेक नेमका. चढावर तिला गिअर उतरवावा लागला, पण गाडी चढली. ती सावलीत उभी करून थोरली म्हणाली, "अण्णा, छान आहे हो."

अण्णांनी डॅशबोर्डवर तळवा टेकवला होता. "बंद पडली का?"

मागं बसलेला दलाल मोठ्यानं हसला. "काका, चालू आहे! पेट्रोल आहे ते. असंच असतं, कळतसुद्धा नाही."

"हो, कळत नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला. परत येताना त्यांनी एकदाही विचारलं नाही, काय दिसतंय म्हणून. पोत्यासारखे बसून होते. थोरलीनं दोनदा त्यांच्याकडं बघितलं, आणि या गाडीत रोज शेजारी बसलेले अण्णा कसे दिसतील ते तिला पुरतं दिसलं.

डिझेलची जीप उन्हात उभी होती. अण्णांनी बॉनेटवर हात ठेवला. "गरम आहे. आम्ही यायच्या आधी चालू केली होती काय हो?"

"ऊन आहे काका. सकाळपासून उन्हातच उभी आहे."

पहिल्या चावीला ती धडधडली. आवारातल्या पत्र्याला कंप सुटला. अण्णांचा चेहरा बदलला. सुपातलं धान्य पाखडून खडे वेचावेत तसे ते आवाजातून आवाज वेगळे करू लागले. "रेस दे. सोड. परत दे... टॅपेट थोडे वाजतात, ते काही नाही. डिझेलचा पंप चांगला आहे." चाचपडत ते पुढं आले, कोणाचाही हात न धरता. बॉनेटची खिटी त्यांना बरोबर सापडली. "इकडं ये. ऑइल ओततात ते झाकण काढ. इंजिन चालू राहू दे. काय दिसतं?"

ही परीक्षा त्यांनीच तिला शिकवली होती. चालू इंजिनाचं ते झाकण काढलं आणि आतून धूर आला, तर समजायचं की इंजिन आतून झिजलंय. बाहेरून किती का गोड बोलेना.

तिनं फडकं धरून झाकण फिरवलं. धूर आला. चुलीत ओलं लाकूड सारल्यावर यावा तसा, भकाभका, निळसर. ऑइलचे बारीक थेंब तिच्या मनगटावर उडाले. दलाल लांब बघू लागला.

अण्णा गाडीवर वाकून उभे होते, दोन्ही हात मडगार्डवर. दोन वर्षांत तिनं त्यांना इतकं ताठ बघितलं नव्हतं. टायर धुणारा माणूसही पाइप बंद करून त्यांच्याकडं बघत होता, आता न हसता.

"काय दिसतं, विचारतोय."

"काही नाही," थोरली म्हणाली. "साफ आहे."

"धूर?"

"नाही."

तिनं झाकण लावलं आणि मनगट ओढणीला पुसलं. जुनी गाडीही धूर देत होती की, तरी चार वर्षं चाललीच, असं तिनं स्वतःला सांगितलं. जुनीचा धूर इतका नव्हता हेही तिला माहीत होतं.

"हीच घेऊ," अण्णा म्हणाले.

एक तारखेला गाडी केंद्रावर उभी राहिली. कारकून बाहेर येऊन बघून गेला. अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढून दरवाजावर थाप मारली. "आम्ही आलोय म्हणावं."

सुरुवातीचे दिवस बरे गेले. गाडी वीस पोती घेऊन वळण चढायची आणि अण्णा शेजारी बसून तिच्याशी बोलल्यासारखे पुटपुटायचे. आईच्या खांद्याची सूज उतरली. घरात पुन्हा हसण्याचे आवाज येऊ लागले.

पण ऑइल कमी होत होतं. थोरली पहाटे अण्णांच्या आधी उठायची, इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी काढून बघायची आणि ऑइल ओतायची. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज. ऑइलचा डबा ती खाद्याच्या पोत्यांमागं दडवून ठेवी. हाताला येणारा वास साबणानं जात नसे, म्हणून राखेनं हात घासायची. एकदा वाटेत अण्णांनी नाक वर केलं.

"ऑइल जळतंय का गं?"

"पुढं टेम्पो आहे अण्णा. त्याचा वास."

पुढं टेम्पो नव्हता. रस्ता मोकळा होता, वळणापर्यंत आणि वळणाच्या पुढंही.

थंडी पडली तशी गाडी सकाळी चालू होईना. थोरली ती घरासमोरच्या उतारावर लावायची, आई आणि शेजारचे दोघं ढकलायचे, मग ती कशीबशी पेटायची. बॅटरी जुनी आहे, असं तिनं अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "बदलून टाकू." मग थोडं थांबून म्हणाले, "बॅटरीचा आवाज वेगळा असतो." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या सकाळी गवतावर पांढरं हिव पडलं होतं. गाडी उताराच्या पायथ्याशी जाऊन पेटली. थोरली ती चालू ठेवून उतरली आणि आईबरोबर रिकामे कॅन मागं चढवू लागली. अण्णा ओट्यावर शाल गुंडाळून उभे होते.

इंजिनाचा आवाज वाढला. तिला वाटलं, गरम होतंय. मग तो आणखी वाढला. कोणी रेसवर पाय ठेवल्यासारखा चढत गेला, आणि सीटवर तर कोणी नव्हतं. ती धावत गेली आणि चावी बंद केली. इंजिन थांबलं नाही. तिनं चावी पुन्हा पुन्हा फिरवली, शेवटी उपसून हातात घेतली. चावी तिच्या मुठीत होती आणि गाडी किंचाळत होती. सायलेन्सरमधून पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट निघाले. घर दिसेना, आई दिसेना. शेजारी ओरडले, "लांब व्हा, फुटेल!"

"हवा बंद कर!" अण्णांचा आवाज आला. "डिझेलवर नाही चालत ती आता, स्वतःचं ऑइल पितेय! हवेचा पाइप काढ!"

थोरलीनं बॉनेटला हात घातला, पण तिला खिटी सापडेना. धुरात डोळ्यांची आग होत होती. इतक्यात कोणीतरी तिला खांद्याला धरून बाजूला केलं.

धुरात बाकी सगळे आंधळे झाले होते. अण्णांना काहीच फरक पडला नव्हता. ओट्यावरून ते सरळ आवाजाच्या दिशेनं चालत आले होते. बॉनेट उघडलं, हात आत घातला, फिल्टरचा जाड पाइप उपटून काढला. "गोणपाट!" आईनं कॅनांखालचं ओलं गोणपाट त्यांच्या हातात कोंबलं. त्यांनी त्याचा बोळा करून हवेच्या तोंडात दाबला आणि वर दोन्ही तळवे रोवले. इंजिन गोणपाट आत ओढू लागलं, त्यांचे हातही. त्यांचा डावा कोपर तापलेल्या लोखंडाला टेकला होता. कातडी जळाल्याचा वास आला. त्यांनी कोपर हलवला नाही. गाडी दोनदा हिसकली, खोकली आणि थांबली.

शांतता इतकी झाली की कॅनचं झाकण डुगडुगत थांबलं तेही ऐकू आलं.

दुपारी मिस्त्री आला. त्यानं इंजिनाचं डोकं उघडलं आणि जिभेनं चुकचुक आवाज केला. ओट्यावर अण्णा बसले होते, कोपरावर ओलं फडकं. आई चहा घेऊन उभी. थोरली गाडीपाशी.

"पिस्टन गेलेत. सगळं गेलंय," मिस्त्री म्हणाला. "आणि हे काही आजचं नाही. घेतलीत तेव्हाच ही खलास होती. ऑइलचं झाकण काढून बघितलं नाहीत का? हे आंधळ्यालासुद्धा..." तो थांबला. हातातला पाना त्यानं उगाच पुसला.

आता बोलायचं, असं थोरलीनं ठरवलं. पण अण्णा आधी बोलले.

"ती बघत होती. मीच नको म्हटलं," ते म्हणाले. "माझ्या कानावर भरवसा होता मला. म्हातारपणाचा माज, दुसरं काय."

"असं कसं काका, तुम्ही इतके जुने माणूस..."

"झालं खरं तसं."

मिस्त्री हे चार ठिकाणी सांगणार, हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत केंद्रावर पोचलंही: ड्रायव्हरचे कानही गेले.

मिस्त्री गेल्यावर थोरली ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली. आई आत गेली आणि भांडी आपटत राहिली.

"किती होता?" अण्णांनी विचारलं.

"काय?"

"धूर."

"खूप."

"आणि तो टेम्पो?"

"नव्हता."

"रोज ऑइल ओतायचीस?"

"हो."

त्यांनी मान हलवली. दुखऱ्या कोपरावरचं फडकं काढलं, उलटं केलं, परत ठेवलं.

"अण्णा, तुम्ही त्या दिवशी... किती दिवसांनी तुम्ही तसे उभे राहिला होतात. पेट्रोलच्या गाडीत तुम्ही नुसते बसला होतात. मला ते बघवलं नाही."

"मी तुला गाडीचं विचारलं होतं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "माझं नव्हतं विचारलं."

ती रडू लागली. पूर्वी ती रडली की त्यांचा हात अंदाजानं तिच्या डोक्यावर यायचा. आज तो त्यांच्या मांडीवरच राहिला.

"तो टायरवाला आडून हसतोय, हे मला कळलं होतं," ते थोड्या वेळानं म्हणाले. "लोकांचं कळतं मला. तुझं नाही कळलं. तुझ्याकडं तसं कान देऊन ऐकायची वेळच आली नव्हती कधी."

लाइन गेली. दुसऱ्याच दिवशी कारकुनानं ती एका पिकअपवाल्याला दिली. थोरली त्या दलालाकडं जाऊन आली, पेट्रोलची जीप केव्हाच विकली गेली होती, आणि डिझेलचं नाव काढताच तो म्हणाला, "झाकण तुम्हीच उघडून बघितलं होतं ना बाई? साफ आहे म्हणालात. सगळ्यांसमोर." ती तशीच परत फिरली. उन्हाळ्यात रस्ता दुरुस्त झाला, फरशी नव्यानं बांधली, आणि कोणतीही साधी गाडी वर जाऊ लागली.

थोरलीला केंद्रावरच कॅन धुवायचं काम मिळालं. गरम पाणी, सोडा, लांब दांड्याचा ब्रश. एकामागून एक दीडशे कॅन. बोटांची कातडी सोलवटून निघायची. कारकून तिला आता बाई म्हणत नसे, नुसतं "ए" म्हणायचा. तिनं ते अंगवळणी पाडून घेतलं. संध्याकाळी ती चालत घरी यायची, तासाभराची वाट. आई दारातच हाताला लावायला तेल देई आणि दिवसभरात काय झालं ते विचारी.

अण्णा ओट्यावर असत. कोपरावरची जखम भरली होती, तिथं चकचकीत गुलाबी कातडी आली होती. ते तिच्याशी तुटक वागत नसत. पाणी आण म्हणत, ऊन कमी झालं का म्हणत. पण ऊन विचारल्यावर तिनं उत्तर दिलं की ते पायरीवर तळवा टेकवून बघत. औषधाच्या बाटलीवरचं तिनं वाचून दाखवलं, तर शेजारीण आल्यावर तीच बाटली हळूच तिच्यापुढं धरत. थोरलीनं ते स्वयंपाकघरातून बघितलं आणि चुलीकडं तोंड केलं.

एका संध्याकाळी ती नेहमीपेक्षा लवकर आली. त्यांच्या शेजारी बसली. मग तिनं आपणहून सांगायला सुरुवात केली, जसं ती गाडीत सांगायची.

"वरच्या वळणावर धुकं उतरतंय अण्णा. ओढ्यापलीकडचं काही दिसत नाही आता. पिकअप दिवे लावून येतेय."

अण्णांनी त्या बाजूला तोंड वळवलं.

"असेल," ते म्हणाले.